भाच्यांच्या निजण्याच्या तऱ्हा

सोमवार, ४ तारीख

आज बाजारात एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाचा कान तोडला. दाताने. कारण काय, तर टोपली पुढे सरकवली. आमच्या छापील भाषेत याला 'किरकोळ कारणावरून' म्हणतात. इतकी वर्षं गुन्हेवार्ता लिहितो आहे, पण मोठ्या कारणावरून कुणी कुणाला मारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कान बर्फात घालून रुग्णालयात नेला आणि तो मालकाच्या आधी पोचला. ही ओळ संपादकांनी कापली.

वर त्यांनी नवं काम गळ्यात मारलं. "पंडित, रविवारच्या पुरवणीला मजकूर हवाय. वयात येणारी पोरं कशी वेडीवाकडी झोपतात, यावर. डॉक्टरांनी लेख दिलाय, पण तो वाचून मलाच झोप लागली. तू लिही. रक्त नको, हसू पाहिजे."

"मला मुलं नाहीत. मुळात लग्नच नाही."

"मग निःपक्षपाती लिहिशील."

संध्याकाळी घरी आलो तर विषय स्वतःच्या पायांनी चालत आलेला. ताई न्हाणीघरात घसरली, खांद्याचं हाड मोडलं, म्हणून भावोजींनी दोन्ही मुलं माझ्याकडे आणून सोडली. थोरली सोळा वर्षांची, धाकटा तेरा. भावोजी अग्निशमन दलात केंद्रप्रमुख. उंच, हसतमुख, तोंड दिसावं असे बूट. गोदामाच्या आगीतून त्यांनी तीन माणसं बाहेर काढली तेव्हाची बातमी मीच लिहिली होती. "पंडित, रविवारी नेतो परत. फार लाड करू नकोस," म्हणाले आणि जाताना धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोराने मान खांद्यांत ओढून घेतली. लाजाळू आहे.

मंगळवार, ५ तारीख

डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली आहेत. शास्त्रासाठी गेली, एवढंच समाधान.

आतली खोली मी मुलांना दिली आहे आणि बाहेरच्या बाकावर मी पसरतो. सकाळी दूध आणि पाव आणले, म्हटलं, आता निरीक्षणाला सुरुवात करू. आतल्या खोलीचं दार हलकेच ढकललं. ते एक बोटभर उघडलं आणि पलीकडून असा रेटा आला की फळी आणि चौकट यांच्यामध्ये माझी बोटं सापडली. माझ्या तोंडून जे निघालं त्यातला एकही शब्द पाणिनीला मान्य झाला नसता.

मग दार उघडलं. थोरली दाराला पाठ लावून बसल्या बसल्या झोपली होती. तळपाय लोखंडी पलंगाच्या पायाला टेकवलेले, म्हणजे दार आणि पलंग यांच्यात स्वतःचीच पाचर मारलेली. शाळेचं दप्तर दोन्ही खांद्यांवर तसंच अडकवलेलं. पाठीने रेटा दिला तो झोपेतच, डोळे अजून मिटलेलेच होते.

"मामा, तुम्ही होय. आवाज द्यायचा ना."

"माझ्याच घरात?"

"हो," म्हणाली. विनोद नव्हता तो.

मात्र त्यानंतर तिने बोटं गार पाण्यात धरली, मधे कापूस घातला, दोन्ही बोटं एकमेकांना बांधून टाकली आणि म्हणाली, "हाड गेलेलं नाही. गेलं असतं तर ह्या बाजूला वळलं नसतं." मी विचारलं, कुठे शिकलीस? "असंच." शाळेत शिकवत असावेत. शिक्षणाचा दर्जा सुधारतो आहे.

या आसनाला मी 'द्वारपालासन' असं नाव दिलं आहे.

आणखी एक टिपून ठेवतो. तिच्या डाव्या बाजूने हाक मारली तर ती ऐकतच नाही. समोर येऊन बोललं की लगेच उत्तर. या वयाची बेपर्वाई दिशेनुसार बदलते, असा एक सिद्धांत मांडता येईल.

गुरुवार, ७ तारीख

काल लिहिलं नाही. वखारीत दोन भावांनी एकमेकांना फावड्याने बडवलं, धाकटा गेला. थोरला पोलिसांना सारखं सांगत होता, "आधी त्याने मारलं." ज्याला सांगायचं तो तिथे आडवा पडलेला. पहाटेपर्यंत तिथेच होतो. शर्टाची बाही अजून भिजत घातली आहे.

आज धाकट्याचा अभ्यास केला. हा दुपारीही झोपतो आणि झोपतो तो पालथा. गुडघे पोटाखाली, कपाळ गादीला, दोन्ही हातांची बोटं मानेमागे एकमेकांत गुंफलेली, कोपरं कानांवर घट्ट. पाठीची ढाल आणि आत सगळं गुंडाळलेलं. कासवाने पाहिलं तर त्यालाही न्यूनगंड यावा. अर्थात 'कूर्मासन'. या उकाड्यातसुद्धा शर्ट काढत नाही आणि गळ्याचं बटण लावलेलं. शिष्टाचार म्हणावा तर एवढा राजघराण्यातही नसेल.

प्रयोग म्हणून जवळ जाऊन टाळी वाजवली. माणूस जागा होताना हालतो. हा गोठला. श्वाससुद्धा थांबवला बहुतेक. मग डोळे न उघडता पुटपुटला, "पट्टा... मीच आणतो. आणतो ना."

पट्टा! मूळ संस्कृत 'पट्ट'. राजाच्या कपाळी बांधायचा तो, त्यावरूनच पट्टराणी. पुढे जमिनीचा पट्टा, यंत्राचा पट्टा, अंगावरला पट्टा, आणि कुत्र्याच्या गळ्यातला. इथे माझी ट्यूब पेटली. पोराला कुत्रा हवा आहे! भावोजींना घरात जनावर चालत नाही हे ताईकडून ऐकलं होतं. बिचारा स्वप्नात विनवण्या करतो, पट्टासुद्धा मीच आणतो म्हणतो. छापखान्यातल्या एका कामगाराच्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत. त्याच्याशी बोलून ठेवलं. पिल्लू शनिवारी देतो म्हणाला.

ताईला फोन केला. "मुलं मजेत आहेत. एक दार राखते, दुसरा कासव झालाय," म्हटलं. ती म्हणाली, "झोपतात ना पण?"

"झोपतात म्हणजे काय, पाहण्यासारखी झोपतात."

"झोपू दे," म्हणाली आणि फोन ठेवला.

लेख देऊन टाकला. दोन्ही आसनं, त्यांची लक्षणं, 'साधकाने पहाटे जवळ जाऊ नये' असा इशाराही. संपादक डोळे पुसेपर्यंत हसले.

शुक्रवार, ८ तारीख

अक्षर वाकडं येईल. उजव्या दंडाला पाच टाके आहेत.

दुपारी पट्टा विकत घेतला. चामड्याचा, रुंद, पितळी बक्कल. पिल्लू यायच्या आधी पट्टा दाखवावा आणि पोराची उत्सुकता ताणावी, असा बेत. घरी आलो. धाकटा जमिनीवर बसून वहीत आगगाडी काढत होता. थोरली स्वयंपाकघरात पाव कापत होती. मी पट्टा हाताला गुंडाळून मागे लपवला, मग झटकन पुढे केला, हवेत आपटून आवाजही काढला आणि म्हटलं, "बघ काय आणलंय! पट्टा!"

तो उठला. पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली. शर्टाची बटणं वरून खाली काढली. शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवला. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही हात मानेमागे घेतले आणि म्हणाला, "मोजू का?"

त्याच्या पाठीवर मोकळी जागा नव्हती. जुने पांढरे, त्यावर तपकिरी, त्यावर जांभळे. कमरेपाशी बक्कलाचा चौकोन इतका स्वच्छ उमटलेला की त्यातली जीभसुद्धा मोजता यावी. फावड्याने फुटलेलं डोकं मी परवा पाहिलं आणि घरी येऊन जेवलो होतो. हे पाहून हातातला पट्टा खाली करायचंही सुचलं नाही.

तेवढ्यात थोरली आली. ओरडली नाही. पाव कापायची सुरी सरळ माझ्या दंडात घातली, काढली, पुन्हा उगारली.

"तू पण? तू पण का?"

"अगं, कुत्र्याचा आहे! कुत्र्याचा पट्टा आहे तो!"

तिला ऐकूच जाईना. तिने मला मोरीच्या दारापर्यंत रेटत नेलं. मी पट्टा लांब फेकला तेव्हा कुठे थांबली. धाकटा एवढं होऊनही भिंतीकडेच तोंड करून उभा होता. त्याला कुणी "झालं" म्हटलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास ती माझा दंड दाबून धरत होती आणि मी "कुत्र्याचा" एवढंच म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "कळलं मामा. आता बोलू नकोस, रक्त जास्त येतं." 'तुम्ही' गेलं ते गेलंच. बरं वाटलं.

मग म्हणालो, "आणि ताई? न्हाणीघरात पडली ती?"

"आई पडली नाही," थोरली म्हणाली. "मधे पडली."

एवढं व्याकरण शिकलो. एका शब्दाने क्रियापद कुठल्या कुठे जातं, ते आज कळलं.

शनिवार, ९ तारीख

सकाळी कचेरीत. "लेख काढा," म्हटलं. संपादक म्हणाले, "पुरवणी गुरुवारी रात्रीच छापली जाते, हे मी तुला सांगायला हवं का? गठ्ठे गावोगाव गेलेसुद्धा." दंडाकडे पाहून त्यांनी पुढे विचारलं नाही. चांगला माणूस आहे. चांगली माणसं विचारत नाहीत, हे आता खटकू लागलं आहे.

तिथून पोलीस ठाणं. फौजदार माझ्या रोजच्या चहातला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग खुर्ची मागे रेलली. "साहेब कडक आहेत, एवढंच. घरचा मामला आहे. अहो, त्यांच्या शौर्याचं तुम्हीच तर लिहिलं होतं, मी कापून ठेवलंय."

"मुलाची पाठ बघायला चल."

"सोमवारी बघू ना. उद्या सामना आहे, सगळी माणसं मैदानावर." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पंडित, तुमचा दंड कुणी कापला? ती तक्रार द्यायचीय का? ती आत्ता घेतो."

दिली नाही. पिल्लूही नको म्हणून कळवलं.

संध्याकाळी भावोजींचा फोन. "उद्या अकराला येतो. तयार ठेव." मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि 'बरं' म्हणालो. थोरली समोर उभी होती. तिने पाहिलं आणि आत जाऊन दोन्ही दप्तरं भरली. मी म्हटलं, "अगं, मी उद्या सांगणार आहे त्यांना." ती म्हणाली, "हो का," आणि चेन ओढून लावली.

सोमवार, ११ तारीख

कालचं आज लिहितो आहे. काल बोटं मिटत नव्हती.

भावोजी वेळेवर आले. गणवेशात, हातात पुरवणी. जिन्यापासूनच हसत होते. "पंडित, काय लिहिलंस रे! पोट दुखलं हसून." मग खुर्चीत बसून मुलांना समोर उभं केलं आणि लेख मोठ्याने वाचू लागले. माझं प्रत्येक वाक्य. 'कासवालाही न्यूनगंड यावा' इथे थांबून धाकट्याला म्हणाले, "ऐकलंस? तू प्रसिद्ध झालास." मी लिहिलेलं मी आयुष्यात इतकं लक्षपूर्वक कधी ऐकलं नव्हतं. पान संपलं. घडी घातली. "चला."

धाकट्याने दप्तर उचललं.

"भावोजी, मुलं इथेच राहतील," मी म्हणालो. आवाज किनरा निघाला.

"काय?"

"पाठ पाहिली मी."

ते हसतच उठले आणि हसतच मारलं. चष्मा फुटून गालात गेला. मी भिंतीवर, भिंतीवरून जमिनीवर. जन्मात कुणावर हात उगारला नव्हता, त्यामुळे हाताला येईल ते उचललं. तो शब्दकोशाचा पहिला खंड निघाला, आणि तो त्यांच्या नाकावर बसला. स्वरांचा खंड आहे, बराच जाड आहे. नाकातून रक्त आलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. त्यांनी शांतपणे हात बाजूला केले आणि धाकट्याकडे न बघता म्हणाले, "काढ."

पोरगं गेलं. वडिलांच्या कमरेचा पट्टा सोडवला, ओढून काढला, दोन्ही हातांवर आडवा धरून दिला. जसं शिकवलं होतं तसं. त्याचा दोष नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण तो अजून माझ्याकडे बघत नाही.

मग मला कळलं बक्कल काय असतं. पहिला फटका खांद्यावर, दुसरा मानेवर, तिसऱ्याने ओठाचे दोन झाले. दुखतं हा शब्द त्याला पुरत नाही. अंगातली जागा संपत जाते. मी त्यांचा पाय धरला आणि चावलो. त्यांनी तो पाय माझ्या फासळ्यांत घातला. काहीतरी काटकी मोडल्यासारखं मोडलं.

थोरली केव्हा बाहेर गेली ते कळलं नाही. जिन्यातून तिचा आवाज आला, आख्खी इमारत हादरावी असा.

"आग! आग लागली! आग!"

दारं धडाधड उघडली. वरचा शिंपी, खालचा घड्याळवाला, त्याची सासू, ओल्या केसांच्या बायका, बादल्या घेतलेली माणसं, सगळी जिना चढून-उतरून माझ्या दारात. आत आग नाही. आत गणवेशातले केंद्रप्रमुख, नाकातून रक्त, हातात पट्टा, पायाखाली मी. आणि धाकटा भिंतीशी, कुणी सांगितलं नसताना पाठ उघडी करून. घड्याळवाल्याच्या सासूने धाकट्याच्या पाठीवर आपल्या खांद्यावरचा पंचा टाकला आणि पुढे उभी राहिली.

कुणीतरी दलाला फोन केला होता. घंटा वाजवत गाडी आली. चार जवान नळी घेऊन वर धावले. दारात साहेब दिसताच पहिल्याने सवयीने हात कपाळाकडे नेला. अर्ध्यावर थांबला. हात तसाच खाली आला.

भावोजींनी पट्टा कमरेला बांधायचा प्रयत्न केला. ओवायचे फासे सापडेनात. ते गेले, आणि मग फौजदारही आला, सामना सोडून.

नंतर मी थोरलीला विचारलं, "आग का म्हणालीस?"

"मारतात म्हणून ओरडलं की दारं लागतात, मामा. आम्ही करून बघितलंय."

बुधवार, १३ तारीख

तक्रार नोंदवली. भावोजी सक्तीच्या रजेवर, जामिनावर, घरी. 'घरी' हाच शब्द काळजीचा आहे, कारण ताई तिथेच होती.

आज चार वाजता ती आली. एक हात गळ्यात, एकटी. माझ्या ओठाला टाके असल्यामुळे आमच्या नात्यात प्रथमच मी गप्प होतो.

"शोभलं तुम्हाला?" ती दारातूनच म्हणाली. "चारचौघांत त्यांची अब्रू घालवलीत. आता ते रडतायत तिकडे. रडताना बघितलंय कुणी त्यांना? चला घरी. सातच्या आत या म्हणालेत. सगळं विसरतो म्हणालेत."

"आई, तू बस," थोरली म्हणाली.

"बसायला नाही आले. दप्तरं घे."

"तुझ्यासाठी आम्ही येऊ म्हणून पाठवलंय तुला त्यांनी. आम्ही नाही आलो तर तू एकटी सापडशील, हे माहितेय त्यांना. तू पण जायचं नाहीस." तिने दाराची कडी आतून लावली आणि समोर उभी राहिली.

ताईने हात उचलला. सरळ हाताची थप्पड डाव्या गालावर बसायची, ती तिने मधेच हात फिरवून उलट्या हाताने उजव्या गालावर मारली. एवढ्या संतापात हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, ते पोरीला डाव्या बाजूने मारलेल्या हाका आठवल्या तेव्हा कळलं. पोरगी हलली नाही.

"झालं?" म्हणाली. "आता बस. चहा टाकते."

ताई उभीच राहिली, मग बाकाच्या कडेला टेकली, पर्स मांडीवर घट्ट धरून. चहा निवला. धाकटा तिच्या बऱ्या हाताच्या बाजूला जाऊन बसला, पण टेकला नाही. मी पाटीवर लिहून दाखवलं, 'वरची खोली शिंपी द्यायला तयार आहे.' तिने वाचलं आणि तोंड फिरवलं. "तुझं काय जातं लिहायला," म्हणाली.

साडेसहाला ती घड्याळाकडे बघू लागली. पावणेसातला उभी राहिली, पुन्हा बसली. पर्सची कडी बोटाने उघडत-लावत होती. थोरलीने तिच्या हातावर हात ठेवला. तरी कडी वाजतच राहिली.

सात वाजले तसे पर्समधला फोन वाजला. ताईने पर्स उघडली. फोन बाहेर काढला, नाव बघितलं आणि बाकावर आमच्या मधे ठेवला. उचलला नाही. बंदही केला नाही. वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजू लागला.

चौघंही तो वाजू देत बसलो.